रिकामी पोच

फिलो, तुला ऐकू आलं का, एवढंच मला विचारायचं आहे. बाकी सगळं मी समजून घेईन. परळच्या त्या हॉस्पिटलात, आयसीयूच्या काचेच्या दारामागे, तुझ्या हातावर हात ठेवून मी जे बोलले ते तुला मिळालं की तुझ्या कानाशीच थांबलं, हे कळल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. तुझ्या महिन्याच्या मिस्सेलाही मी चर्चच्या बाकावर बसून हाच विचार करत होते. फादर तुझ्याविषयी चांगलं बोलले. फिलोमिना सगळ्यांशी शांतपणे वागायची, म्हणाले. मी हसू दाबलं. त्यांनी तुला सोल्डरिंग गन हातात असताना कधी पाहिलेलं नाही.

आयसीयूतली सिस्टर म्हणाली होती, "बोला तुम्ही, पेशंटला ऐकू येतं." मी विचारलं, "कशावरून?" तिला प्रश्न आवडला नाही. पण मी तरी काय करू? आपण दोघींनी जन्मभर हाच धंदा केला. एका बिनतारी डबीने हवेतून पाठवलेलं दुसऱ्या डबीला मिळालं की नाही, ते बघायचा. पाठवायला काय, कोणीही पाठवतं. मिळालं, हे पाठवणाऱ्याला उलट कळणं म्हणजे पोच, आणि पोच आली नाही तर काहीही गेलं असं धरायचं नाही, हे तूच मला शिकवलंस. मी बोलत होते तेव्हा मॉनिटरवरचा आकडा थोडा वर गेला. मालतीवहिनी म्हणाली, "बघ, ओळखलान तुका." मी ती पोच धरली नाही. मी गप्प उभी होते तेव्हाही तो आकडा तसाच वरखाली होत होता.

डिलाईल रोडच्या आपल्या चाळीत तुमच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत. माझे बाबा मिलमध्ये, तुझे डॅडी रेल्वेच्या वर्कशॉपात. ख्रिसमसला तुमच्याकडून कुलकुल्स यायचे, दिवाळीला आमच्याकडून करंज्या जायच्या, पण ते झालं सणासुदीचं. खरी ये-जा रोजची. आज बांगड्याचं तिखलं, उद्या काळ्या वाटाण्याची उसळ, वर झाकण, झाकणावर हात, आणि गॅलरीतून चार पावलं. वाटी परत जाताना रिकामी जायची नाही. घरात द्यायला काहीच नसलं की तुझी मम्मी, आमची रोझीआंटी, चिमूटभर साखर टाकायची. माझी आई चार आमसुलं टाकायची. मी एकदा खेळायच्या घाईत तुमची वाटी नुसती विसळून न्यायला निघाले, तर आईने दारातून परत बोलावलं. "रिकामी वाटी कशी धाडतंस गो? काय वाटात त्यांका?" तू आमच्या उंबऱ्यात उभी राहून खिदळत होतीस. त्या वाटीवरून पुढे आपण केवढ्या भांडणार आहोत हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं.

मिलच्या जागी काचेचे टॉवर आले तरी लोअर परळच्या मागच्या गल्लीतली जुनी इंडस्ट्रियल इस्टेट अजून तग धरून आहे, आणि तिथे आपला गाळा. गच्चीवरची टाकी भरली की खाली पंपाला कळवणारी डबी, दुकानाचं शटर उघडं राहिलं तर मालकाला सांगणारी डबी, असल्या जवळच्या जवळ बोलणाऱ्या बिनतारी डब्या आपण बनवायचो. एक भिंत, दोन भिंती, फार तर तीन. लोकांना वाटतं अंतर कमी म्हणजे काम सोपं. त्यांना चाळीत आणायला हवं. प्रत्येक खोलीत वायफाय, प्रत्येक हातात मोबाइल, सगळे एकाच हवेत एकाच वेळी बोलणार, आणि मध्ये लोखंडी कपाटं. तुमच्या मोरीतलं पाण्याचं पिंप आठवतं? ते भरलेलं असलं की आपली डबी मुकी व्हायची, आणि दुपारी पिंप तळाला गेलं की बोलायला लागायची. आपण आधी डबी तीनदा खोलून बघितली. पाणी आवाज गिळतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण पुस्तकात पिंप नव्हतं.

आणि चाचणी कशी घ्यायचो, ते कोणाला सांगितलं तर आपलं हसं होईल. तू गॅलरीच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला.

"आशे, आलं काSS?"

"आलंSS!"

"आता?"

"नाय आलंSS!"

सावंतांच्या आजी दारात लसूण सोलत बसलेल्या असायच्या. एक दिवस त्या म्हणाल्याच, "गो, ओरडानच सांगूचा तर ह्या यंत्र कित्याक?" तू म्हणालीस, "आजी, तुमच्यासाठीच करतोय. तुमचा आवाज बसेल ना एक दिवस." आजींनी तुला लसणाची साल फेकून मारली. त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे, फिलो.

लग्न होऊन मी दादरला गेले. आमच्या खोलीत माझा मोठा भाऊ आणि मालतीवहिनी. भाऊ गेल्यावर वहिनी एकटी. तू लग्न केलं नाहीस, रोझीआंटीजवळ राहिलीस. आंटीने ऐंशी ओलांडली आणि तू गाळ्यावर असताना तुझा एक कान घरीच असायला लागला. म्हणून आपण ते बटण केलं. माळेसारखं गळ्यात घालायचं, दाबलं की पलीकडे मालतीवहिनीच्या फळीवरच्या पेटीत घंटी वाजायची. बटण एरवी झोपलेलं. दाबलं की जागं होऊन पेटीला हाक घालायचं. पेटीकडून पोच आली नाही तर पुन्हा, हवेतली वाट बदलून पुन्हा. पोच आली की बटणावर हिरवा दिवा, आणि लगेच परत झोप. बोलणं कमीत कमी, जागणं कमीत कमी, म्हणून नखाएवढी, टिकलीसारखी बॅटरी वर्षानुवर्षं टिकणार होती. मला त्या बटणाचा अभिमान होता. अजून आहे.

मग ती दुपार. आंटी मोरीत पाय घसरून खाली बसली. फार लागलं नव्हतं, पण उठता येईना. तिने बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. पलीकडे वहिनी खोलीला कुलूप लावून दादरला बाजारात गेलेली. पेटी बंद खोलीत वाजली आणि थांबली. आणि त्याच वेळी, फिलो, बाहेर गॅलरीत सावंतांच्या आजी, पाटकरांची सून, कोपऱ्यातल्या दोघी, सगळ्या पाय पसरून सुकट निवडत बसल्या होत्या. आंटीने नुसतं "गो" म्हटलं असतं तरी चौघी आत आल्या असत्या. तिने म्हटलं नाही. संध्याकाळी तू घरी आलीस तेव्हा ती मोरीत भिंतीला टेकून बसलेली, साडी भिजलेली, हातात बटण. "ओरडली का नाही?" तू विचारलंस. ती म्हणाली, "कशाला ओरडू? हिरवा झाला ना. कोणतरी येतंय म्हणून बसले."

दुसऱ्या दिवशी गाळ्यात आल्या आल्या तू ते बटण माझ्या टेबलावर ठेवलंस. आदळलं नाहीस. आदळलं असतंस तर बरं वाटलं असतं.

"संदेश गेला," मी म्हटलं. "पेटीने घेतला. पोच आली. सांग, कुठे चुकलं?"

"पेटीला पोचलं गं. माणसाला कुठे पोचलं?"

"माणूस घरात नसेल तर यंत्र काय करणार?"

"गप्प तरी बसेल. खोटं तरी बोलणार नाही. आशे, माझी आई ऐंशी वर्षं ह्या चाळीत ओरडून जगली. तुझ्या दिव्याने तिला गप्प बसवलं."

ऐंशी नव्हे. ती लग्न होऊन इथे आली. पण तू भांडताना हिशेब कधी नीट केला नाहीस.

तुझं म्हणणं असं की दिवा काढून टाकायचा. वहिनीने स्वतःच्या बोटाने पेटीवरचं "येते" दाबलं तरच आंटीच्या हातातलं बटण थरथरलं पाहिजे. माझं म्हणणं, मग उत्तर येईपर्यंत बटणाला जागं राहावं लागेल, आणि ह्या डब्यांना ऐकायलाही बोलण्याइतकीच बॅटरी लागते. तू त्यावर तोड काढलीस. बटणाने डुलक्या घ्यायच्या, मध्येच जागं होऊन पेटीला विचारायचं, काही आहे का? पेटीला ह्या विचारण्याची पोच तशीही द्यावी लागतेच. मग ती नुसती द्यायची नाही, वहिनीचं उत्तर त्यातच घालून द्यायचं. "रिकामी पोच कशाला?" तू म्हणालीस. "वाटी परत जातेच आहे ना, मग टाक तिच्यात काहीतरी." मला ते फार आवडलं होतं. वेगळा संदेश वाचला, हवेतली एक गर्दी कमी झाली. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तू लगेच चहा सांगितलास.

पण बॅटरी, फिलो! ते सारखं जागं होणं, सारखं विचारणं. वर्षांची बॅटरी महिन्यांवर येत होती. मी तुला कागदावर मांडून दाखवलं.

"मग बदलायची," तू म्हणालीस.

"कोण बदलणार? म्हातारी माणसं ती टिकली काढून बदलणार?"

"कोणीतरी जाईल ना बदलायला. तेवढंच जाणं होईल."

"हा काय इंजिनिअरिंगचा मुद्दा झाला?"

"नाय झाला. तरी लिही."

मी लिहिला नाही. बटण तिथेच राहिलं, अर्धवट खोललेलं, आणि आपण पावसाळाभर चहाबरोबर तेच तेच भांडत राहिलो. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, भांडायला भरपूर वेळ आहे.

मग एका सोमवारी सकाळी तू घरी चहाचा कप धुता धुता खाली पडलीस. आंटीच्या गळ्यात बटण नव्हतंच, जुनं एक होतं ते खिळ्याला टांगलेलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती ओरडली. अख्खा मजला धावला. सावंतांच्या नातवाने तुला उचलून जिना उतरवला, कोणीतरी टॅक्सी थांबवली, वहिनी मागच्या सीटवर तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली. हाक लगेच पोचली होती. उशीर आत, तुझ्या डोक्यात झाला होता. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव मोठा आहे.

मी आले तेव्हा तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या. मला काय बोलायचं सुचेना. तू माझी बहीण आहेस, तुझ्यावाचून माझं काय होणार, असलं काही आपण कधी बोललो नव्हतो, आणि तिथे सुरू केलं असतं तर तू घाबरली असतीस. म्हणून मी कामाचंच बोलले. म्हटलं, "फिलो, तू म्हणशील तसं करू. दिवा काढू. माणसाने दाबल्याशिवाय बटण हलणार नाही. फक्त उठ आणि स्वतः कर." तुझ्यासमोर मी पहिल्यांदाच असं एवढं सरळ म्हटलं, आणि तुझा डोळासुद्धा हलला नाही. मी दुसऱ्या दिवशीही तेच बोलले, थोडं मोठ्याने. सिस्टरने हळू बोलायला सांगितलं. त्यानंतर तू गेलीस.

तुला मातीत ठेवून आल्यावर वसईहून आलेली तुझी मावसबहीण जेनी आंटीजवळ बसली. चांगली बाई आहे गं, उगाच तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, "मावशी, एकटी कशी राहणार तू? माझ्याकडे चल. खालच्या मजल्यावरची खोली आहे, अंगण आहे." आंटी म्हणाली, "तुझं घर चांगलं हाय. पण मी इथे लग्न होऊन आले. मला सगळी माणसं आवाजावरून कळतात. तिथे मला कोण कळणार?" जेनीने खिळ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच्या भरवशावर राहणार? मागच्या वेळी काय झालं ते फिलोनेच सांगितलंय मला." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "सॉरी हं." महिन्याच्या मिस्सेनंतर आंटीला न्यायचं ठरलं. आंटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

तेव्हा मी गाळा उघडला. तुझं स्टूल होतं तसंच होतं, त्यावर तुझा चष्म्याचा डबा. मी तो हलवला नाही, दुसरीकडे बसले. तुझी डुलक्यांची तोड, तुझी भरलेली वाटी, सगळं तू म्हणाली होतीस तसं केलं. वर एक वाढवलं. घंटी फक्त वहिनीकडे नाही, मजल्यावरच्या चार खोल्यांत जाईल. ज्याला जमेल त्याने "येते" दाबायचं, आणि एकाने दाबलं की बाकीच्या पेट्या गप्प. मग चाचणी घ्यायला चाळीत गेले. गॅलरीच्या एका टोकाला बटण दाबलं आणि सवयीने ओरडले, "आलं काSS?"

 सावंतांच्या आजींनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी गॅलरीच्या त्या टोकाला चालत गेले, पेटी बघितली, परत आले, पुन्हा दाबलं, पुन्हा गेले. एकटीला प्रत्येक वेळी चालत जाऊन बघावं लागतं, फिलो. मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या फेरीला मी जिन्याच्या कट्ट्यावर बसून रडले. थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, "मी बघतंय, तू दाब." आणि त्या पाटकरांच्या दारात उभ्या राहून ओरडायला लागल्या, "इलाSS! नाय इलाSS!" तुझ्याहून मोठ्याने.

कट्ट्यावर बसलेली असताना मला ते सुचलं जे तुला सुचलं नव्हतं. तू एवढी भांडलीस, पण कोणीच "येते" दाबलं नाही तर काय, हे विचारलं नाहीस. तुझं बटण नुसतं वाट बघत राहणार होतं. आणि आंटीही. मी ठरवलं, थोडा वेळ थांबून उत्तर आलं नाही तर बटणाने खरं सांगायचं. "येते" म्हणून आलं की दोन छोट्या थरथरी. कोणीच आलं नाही की एक लांब, न थांबणारी. त्याचा अर्थ, आता ओरड. जो मार्ग चाळीत शंभर वर्षं चालतो आहे, तो आपण बंद करायचा नाही, हाकेला परत जागा द्यायची. हे माझं आहे हं, तुझं नाही. तुला सांगितलं असतं तर तू टेबलावर हात मारून "साली, हे मला का नाय सुचलं" म्हणाली असतीस. ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

मिस्सेच्या दिवशी सगळे आंटीच्या खोलीत आले. क्रूसापुढे मेणबत्ती, तुझा फोटो, चहा. जेनीने आंटीची बॅग भरून दाराशी ठेवली होती. मी नवं बटण आंटीच्या गळ्यात घातलं. जेनी म्हणाली, "दाखवा तरी." आंटीने दाबलं.

बटण थरथरलं नाही. भिंतीपलीकडे घंटी वाजताना ऐकू आली, मग पुढच्या खोलीत, मग त्यापुढे. आणि मी मान वर करून बघितलं तर पेट्या ज्यांना दिल्या होत्या त्या चौघी इथेच, हातात कपबश्या घेऊन, आंटीच्या पलंगाभोवती उभ्या. मालतीवहिनी, सावंतांच्या आजी, पाटकरांची सून, कोपऱ्यातली शोभा. चारही खोल्या रिकाम्या. मी एवढं सगळं केलं, आणि मजल्यावरच्या सगळ्या बायका एकाच घरी जमण्याचा दिवस लक्षात घेतला नाही. आपल्या चाळीतल्या मुलीने हे विसरावं! वहिनी "अगो बाय माझे" म्हणत धावायला निघाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, थांब.

जेनी माझ्याकडे बघत होती. आंटी हातातल्या बटणाकडे. मग ते थरथरायला लागलं, लांब, थांबेना. मी तिला दोन दिवस शिकवलं होतं, पण माणसांनी भरलेल्या खोलीत ती काय करणार हे मला माहीत नव्हतं. आंटीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. एकदा तुझ्या फोटोकडे. आणि मग पोटातून ओरडली, "मालतीSSS!"

मालती तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. पण खालच्या मजल्यावर दारं वाजली. समोरच्या चाळीतून कोणीतरी "काय झालं रोझीआंटीSS?" म्हणून ओरडलं. जिन्यावर पावलं. सावंतांचा नातू बनियनवर धापा टाकत दारात. त्याच्यामागे इस्त्रीवाला, त्याच्यामागे दोन बायका ज्यांना मी ओळखतसुद्धा नाही. आंटी सगळ्यांना म्हणाली, "काय नाय, काय नाय. चहा घ्या." आणि रडायला लागली. तुला पोचवल्यापासून ती पहिल्यांदा रडली. सगळ्या बायका तिच्याभोवती बसल्या.

जेनी डोळे पुसत मला म्हणाली, "ओरडायचंच होतं तर बटण कशाला?"

मी म्हटलं, "ओरडायचं कधी, ते सांगायला."

तिने बॅग उघडली आणि आंटीच्या साड्या परत कपाटात लावल्या. म्हणाली, "नाताळपर्यंत बघू."

म्हणजे आंटी तिच्याच खोलीत आहे, फिलो. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. आणि दुसरं कारण सांगू? आयसीयूत मी हाक घातली आणि उत्तर आलं नाही. बराच काळ थांबले. आपल्याच बटणाच्या नियमाप्रमाणे मी आता ओरडायला हवं, म्हणून हे एवढं लांब आणि एवढ्या मोठ्याने. तुला मिळालं नसेल, कदाचित. पण मी गप्प बसून कोणतरी येईल म्हणून वाट बघणार नाही. मला तुझी फार आठवण येते. रोज येते, गाळ्यात येते, दादरला स्वयंपाक करताना येते. तू होतीस म्हणून मला एका तरी माणसाशी पूर्ण खरं बोलता आलं, भांडून का होईना. हे तुला आधी सांगायचं राहिलं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मीच बरोबर होते. आंटी दिवसातून कितीतरी वेळा बटण दाबते. वहिनी "येते" दाबून पळत जाते, "काय झाला?" तर आंटी म्हणते, "काय नाय गो, बघत होते." दोन छोट्या थरथरी हातात आल्या की तिला बरं वाटतं. अशाने ती टिकली नाताळ बघणार नाही. मी वहिनीला म्हटलं, जरा समजावून सांग. वहिनी म्हणाली, "तूच सांग."

परवा आंटीचा फोन आला. "आशा, बॅटरी संपली वाटतं. ते हलत नाय." मी दादरहून निघाले. आंटीने साडी बदलून केस विंचरून ठेवले होते, टेबलावर दोन कप मांडलेले. मी बटण खोललं, टिकली काढली, मीटर लावला. बॅटरी जवळजवळ नवीच होती. आंटी माझ्याकडे बघत नव्हती, साखरेचा डबा उघडत होती.

मी मीटर पिशवीत टाकला, फिलो, आणि टिकली बदलली.